प्लग लावण्याआधी

तलासरीत हातातल्या बॅटरीचं मोल कुणाला सांगावं लागत नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरू लागली. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. ऐन थंडीत डहाणू-तलासरीतली माणसं घर सोडून तंबूत झोपत होती, तेव्हा उशाशी असायची ती चार्जिंगची बॅटरी, नाहीतर सौर कंदील. या वस्तू आज घराघरात आहेत. आतली एखादी तार सुटली की त्या बंद पडतात आणि उकिरड्यावर जातात. एका तारेपायी चांगली वस्तू टाकून द्यायची हे मला पटत नव्हतं, म्हणून बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्या दादांकडे सोल्डरिंग शिकायला जाऊ लागले.

वाटलं होतं, सोल्डरिंग आयर्न हातात मिळेल. दादांनी हातात दिला तो नुसता प्लग.

“ताई, ही वरची पिन बघा. बाकी दोन्हींपेक्षा जाड आणि लांब का?”

मला काही सांगता येईना. ती अर्थिंगची पिन. लांब असल्यामुळे प्लग घालताना ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते, म्हणजे वीज आत आहे तोवर अर्थिंगची साथ राहते. मग त्यांनी एक जळालेलं 25 वॅटचं आयर्न उघडून दाखवलं. आत अभ्रकावर गुंडाळलेली केसासारखी बारीक नायक्रोमची तार. ती तापते, तिच्यामुळे तांब्याचं टोक तापतं. वीज आणि टोक यांच्यामध्ये असतो तो तेवढाच अभ्रकाचा पापुद्रा. पावसाळ्यात ओल धरली, अभ्रक तडकला, की करंट थेट टोकापर्यंत येऊ शकतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर हातातून.

बाजारात दोन पिनांची स्वस्त आयर्न सर्रास मिळतात. त्यात अर्थिंगची तारच नसते. मी तीन पिनांचंच घेतलं. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या भोकामागे तार असेलच असं नाही. टेस्टर घालून पाहावं म्हटलं तर दादा म्हणाले, त्या भोकात टेस्टर पेटला तर धोका नक्की; पण पेटला नाही म्हणून अर्थिंग चांगलं आहे असं होत नाही. इथंच माझा सगळ्यात जास्त गोंधळ उडाला. वायरमननं मीटर लावून तपासल्याशिवाय ते कळत नाही. आमच्याकडे जमीन खडकाळ. मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो, त्यात पाणी ओतावं लागतं. शिवाय बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. करंट गळू लागला की तो क्षणात वीज तोडतो. फ्यूज किंवा साधा एमसीबी एवढ्याशा गळतीला दाद देत नाही.

दुसरी गोष्ट स्टँडची. आयर्नचं टोक तीनशे अंशांच्या वर तापतं आणि तापलेलं टोक दिसायला थंड टोकासारखंच असतं. टेबलावर ते नुसतं ठेवणं कुठंही वाईटच, पण आमच्या भागात टेबल केव्हा हादरेल याचा नेम नाही. म्हणून स्प्रिंगचा स्टँड फळीवर स्क्रूनं पक्का केला आणि स्विच हाताच्या अंतरावर घेतला. पडणारी वस्तू झेलायला हात आपोआप पुढे जातो. आयर्न पडलं तर हात मागे घ्यायचा, ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. धक्का बसला तर आयर्नकडे वळायचंच नाही, स्विच हाताशी असेल तर बंद करायचा आणि मोकळ्यावर यायचं. ओढणी, सैल बाही, नायलॉनचा कपडा कामाला नको. पाण्याची बादली बोर्डापासून लांब, दाराशी. भाजलंच तर वीस मिनिटं थंड पाण्याची धार. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष सांधा. मी सोल्डरची तार टोकाला लावत होते, तर तिचा गोळा होऊन तो ओघळत होता. “टोकाला नाही, कामाला लावा,” दादा म्हणाले. आधी टोक बॅटरीतल्या पट्टीला आणि तारेला एकदम टेकवायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग दुसऱ्या बाजूनं सोल्डर लावायची. त्या क्षणी जे दिसलं ते विसरणार नाही: राखाडी तार एकदम पाण्यासारखी झाली, तांब्याच्या बारीक धाग्यांमधून आपोआप आत ओढली गेली आणि गार होताना चकचकीत, कडेला निमुळती बसली. मंद, फुगीर मण्यासारखा दिसला तर तो सांधा कच्चा. डहाणूच्या किनाऱ्याकडून आलेल्या वस्तूंत खाऱ्या हवेनं तारा हिरव्या पडलेल्या असतात. त्या ब्लेडनं खरवडून उजळ केल्याशिवाय सोल्डर धरतच नाही.

धूर निघतो तो शिशाचा, अशी मला भीती होती. तसं नाही. साध्या सोल्डरमध्ये साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं असतं आणि ती साधारण 190 अंशांच्या आत पूर्ण वितळते. शिशाची वाफ व्हायला याच्या कितीतरी पट उष्णता लागते. धूर असतो सोल्डरच्या तारेतल्या राळेचा, आणि तोही रोज छातीत गेला तर दमा जडू शकतो. म्हणून खिडकी उघडी आणि तोंड बाजूला. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. सोल्डर हाताळून त्याच हातानं तंबाखू मळणारे, बिडी ओढणारे, वडापाव खाणारे पुष्कळ पाहिले. लहान मुलांच्या मेंदूला थोडंसं शिसंही अपाय करतं, गरोदर बाईकडून ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. काम झालं की साबणानं हात धुवायचे आणि सांडलेले कण ओल्या फडक्यानं टिपून घ्यायचे. झाडू मारला की ते उडतात.

चार्जरच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असू शकतात, प्लग काढल्यावरही. लिथियम सेलवर थेट आयर्न टेकवलं तर तो पेट घेऊ शकतो. नवशिक्यानं या दोन्हींपासून लांब राहावं, मी राहते.

आता माझ्या हातून तारा पक्क्या बसतात, पाड्यावरच्या बॅटऱ्या पुन्हा लागतात, आणि त्याचा आनंद फार मोठा आहे. तुम्हालाही शिकायचं असेल तर जरूर शिका. मात्र आयर्न विकत घेण्याआधी वायरमनला बोलावून घरचं अर्थिंग तपासून घ्या.