वहीतले कोरे रकाने

अब्बांच्या इंतकालानंतर कपाट आवरताना लाल कापडी बांधणीची एक वही सापडली. आमच्या क्रिकेट क्लबच्या वर्गणीची. अब्बा बावीस वर्षे क्लबचे खजिनदार होते. डावीकडे सभासदांची नावे, पुढे बारा महिन्यांचे बारा रकाने. पैसे आले की त्यात बरोबरची खूण.

आम्ही अंधेरीचे. पावसाळ्यातल्या रविवारी फजरची नमाज झाली की अब्बा स्कोअरबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचे, मी किटबॅग उचलायचो आणि आम्ही चर्चगेट लोकलच्या मालडब्यात चढायचो. आझाद मैदानावर कांगा लीगचा सामना असायचा. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली ही लीग मुद्दाम पावसाळ्यात ठेवलेली. उघडी, ओली खेळपट्टी आणि वाढलेले गवत. गावसकर, तेंडुलकर याच चिखलात खेळले. अब्बांना मात्र कौतुक गुलाम पारकरचे. चिपळूणजवळच्या कालुस्त्याचा मुलगा १९८२ साली लॉर्ड्सवर कसोटी खेळला, हे ते दर मोसमात एकदा तरी सांगायचे.

आमच्या क्लबातून कोणी तिथवर गेले नाही. क्लब चालायचा तो वर्गणीवर. चेंडू, माळ्याचा पगार, तंबूची दुरुस्ती, चहा, सगळे त्यातून. कमी पडले की अब्बा घरोघरी जायचे.

वहीची शेवटची पाने मी सावकाश वाचली. कोणी मीरा रोडला गेला, कोणी मुंब्र्याला, कोणी आखातात. पूर्वी बँका आणि कंपन्या खेळाडूंना नोकरी द्यायच्या, संघ बाळगायच्या. ते दिवस सरले, तसे आईबाप मुलांना क्लबऐवजी फी भरून अकादमीत घालू लागले. खुणा विरळ होत गेल्या. त्या पानावर माझेही नाव होते. त्यापुढे सलग तीन वर्षे रकाने कोरे. अब्बांनी मला कधी पैसे मागितले नाहीत. माझ्या नावावर खोटी खूणही केली नाही.

मी क्रिकेट सोडले होते का? नाही. दर शुक्रवारी रात्री ऑफिसच्या मित्रांबरोबर टर्फवर खेळतो. मोबाइलवरून तासाचे पैसे भरायचे, खेळायचे, निघायचे. महिन्याचा हिशेब केला तर क्लबच्या वर्गणीच्या चौपट.

धाकटी बहीण कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "भाईजान, अमेरिकेत यावर अख्खे पुस्तक आहे." रॉबर्ट पुटनम यांचे 'बोलिंग अलोन', २००० सालचे. बोलिंग म्हणजे जड चेंडू घरंगळत सोडून दहा खुंट्या पाडण्याचा खेळ. १९८० ते १९९३ या काळात तिथे बोलिंग खेळणारे दहा टक्क्यांनी वाढले, पण संघ करून लीग खेळणारे चाळीस टक्क्यांनी घटले. त्यामुळे बोलिंगच्या जागा चालवणाऱ्यांच्याही पोटावर पाय येऊ लागला, कारण लीगला येणारा माणूस खाण्यापिण्यावर एकट्याच्या तिप्पट खर्च करायचा.

म्हणजे खेळ उरतो, पैसाही खर्च होतो. जाते ते एकमेकांना बांधून घेणे. मी टर्फवर आलो नाही तर माझ्या जागी दुसरा येतो. क्लबात आलो नाही तर अब्बा सायंकाळी घरी विचारपूस करायला जाणारे.

पुढच्या रविवारी मुलाला घेऊन मैदानावर गेलो. तंबू तोच, ठिगळे वाढलेली. आता अब्बांच्या वेळचे यष्टिरक्षक चाचा हिशेब पाहतात. सलाम करून तीन वर्षांची थकबाकी पुढे केली. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, पावती फाडली.

"पैसे पोहोचले, बेटा," ते म्हणाले. "पण आज सरावाला सातच पोरं आलीत. बूट आणलेस का?"