चोर कोंडलेला बरा

दुधाचे दात पडावयाचेच असतात, मग त्यांच्या दुरुस्तीचा खटाटोप कशाला, हा प्रश्न आपल्या घराघरांतून इतक्या सहजपणे विचारला जातो की, त्यास उत्तर आहे हेच कोणाच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. त्यांनी अन्न चावावयाचे असते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागाही राखावयाची असते. पाच वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडणे म्हणजे त्यास पुढील कित्येक वर्षे एकाच बाजूने जेवावयास सांगणे होय.

परंतु या हयगयीचे मूळ केवळ अज्ञानात नाही, भीतीतही आहे. सुई आणि घरघरणारे यंत्र यांचा जो प्रसाद आमच्या पिढीस मिळाला, तो आपल्या लेकरास मिळावा असे कोणत्या आईस वाटेल? किडीचा कण न् कण कोरावा, इतकेच नव्हे, तर पुढे कीड लागू नये म्हणून शेजारचा निरोगी भागही कापावा, ही अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांची शिकवण दंतवैद्यांनी दीर्घकाळ प्रमाण मानली होती.

ती सैल होण्यास गरिबीचाही हातभार लागला. 1980 नंतरच्या दशकात टांझानियात, जेथे वीज आणि यंत्रे दुर्मिळ होती तेथे, यो फ्रेंकेन व त्यांचे सहकारी यांनी केवळ हातातील हत्यारांनी कीड काढून दात भरण्याचा प्रघात पाडला. विल्सन व केंट यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या ग्लास आयनोमर सिमेंटची जोड त्यास पुढे मिळाली. हे सिमेंट दातास चिकटते आणि फ्लोराइडही सोडते.

आमच्या पुतणीच्या मुलीची दाढ अशाच रीतीने भरण्यात आली. चमच्यासारख्या बारीक हत्याराने वरचा मऊ भाग डॉक्टरीणबाईंनी खरवडला, कडा स्वच्छ केल्या, आणि तळाशी, नसेजवळ, थोडा मऊ भाग मुद्दाम ठेविल्याचे सांगितले. वहिनी चमकल्या. “अहो, म्हणजे चोराला घरातच कोंडलेत की!”

“होय आजी, पण उपाशी कोंडला आहे,” बाई म्हणाल्या.

या विनोदात सारे शास्त्र आले. कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो. झाकण घट्ट बसले की साखर पोचत नाही, जंतू निस्तेज होतात, आणि दाताचा जिवंत गाभा आतून नवा थर घालून स्वतःचे रक्षण करू लागतो. शेवटचा कण काढण्याच्या हट्टापायी मात्र तोच गाभा उघडा पडण्याचा धोका असतो.

अर्थात ठणका रात्री झोपू देत नसेल किंवा हिरडीवर गळू आले असेल, तर या सौम्य उपायाची वेळ टळली असे समजावे. म्हणून दुखण्याची वाट न पाहता, रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून देताना वडीलधाऱ्यांनी मुलाच्या दाढा उजेडात नीट पाहाव्यात. पाचव्या वर्षी खुर्चीत बसलेली भीती पन्नासाव्या वर्षीही उठत नाही, हे आम्ही आमच्याच समवयस्कांत पाहतो. मुलाची दाढ वाचविताना त्याचा विश्वासही वाचत असेल, तर तळाशी राहिलेल्या त्या मऊ कणाचे ओझे आम्हांस मुळीच वाटत नाही.