लाव्याचे पिल्लू आणि 'गुन्हेगार' हात

लाव्याचे पिल्लू हातात घेतलेला माणूस पक्षिमित्र की शिकारी? आपल्याकडे याचे उत्तर पिलाची अवस्था बघून दिले जात नाही. हात कोणाचा आहे ते बघून दिले जाते. मास्तरांच्या मुलाच्या हातात पिल्लू दिसले तर 'किती कनवाळू मुलगा'. पारध्याच्या पोराच्या हातात तेच पिल्लू दिसले तर 'चल, गाडीत बस'. चळवळीतल्या तरुणांनी हा प्रश्न पक्ष्यांचा म्हणून सोडून देऊ नये. तो आपला आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

गेल्या भाद्रपदात पारोळ्याकडच्या एका शिवारात मूग निघाल्यावर रोटाव्हेटर फिरत होता. त्याखाली लाव्याची मादी सापडली. पिले पांगली, एक बांधालगत थरथरत राहिले. रोजंदारीवर गेलेल्या आमच्या वस्तीतल्या बायांनी ते ओटीत घालून आमच्याकडे आणले. वनविभागाला कळवले. सुट्या लागून आलेल्या, त्यामुळे माणूस येईपर्यंत पिलाला ऊब द्या, असे सांगण्यात आले. तीन दिवस ते पिल्लू आमच्या घरी होते.

दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमचे असते. पिल्लू त्याहून हलके वाटत होते. मोबाईलवर व्हिडीओ पाहिले. ते सगळे पोल्ट्रीतल्या जपानी लाव्याचे. स्टार्टर खाद्य आणा, ब्रूडर लावा, तापमान पस्तीसच्या वर ठेवा. आमच्याकडे होता एक पुठ्ठ्याचा खोका आणि चाळीस वॅटचा बल्ब. पिल्लू भाताला तोंड लावीना. दूध-पाव द्या, असे सांगणारेही शेजारी निघाले.

तेव्हा गावाबाहेरच्या पालावरच्या एका म्हातारीची आठवण झाली. फासेपारधी समाजातली. आम्ही तिला माय म्हणतो. तिला खोका दाखवला तर ती दोन पावले मागे सरली. पिलाला हात लावला नाही. म्हणाली, "आमना हात लागना ते केस, तुमना हात लागना ते पेपरमा फोटू." आणि मग तिथेच, लांब उकिडवे बसून, तिने आम्हाला एकेक गोष्ट सांगितली.

खोक्यातला कागद काढा, गोणपाट अंथरा. कागदावर पाय घसरतात, फाकतात आणि फाकलेले पाय मग जुळत नाहीत. बल्ब खोक्याच्या एकाच टोकाला ठेवा, म्हणजे उकडले तर पिल्लू दुसऱ्या टोकाला जाईल. पिले बल्बखाली दाटली तर थंडी वाजते आहे, तोंड उघडून लांब बसली तर ऊब जास्त झाली. वाटीत पाणी ठेवू नका, बुडून मरेल. झाकणात खडे घाला आणि खड्यांच्या फटीत राहील एवढेच पाणी. भात, दूध, पाव काही नको. वाळवी आणा, मुंग्यांची अंडी आणा, बाजरी भरडून द्या. आणि खात नसेल तर दाण्यावर बोटाच्या नखाने टकटक करा. आई चोचीने तशीच दाखवते.

आम्ही टकटक केली. पिलाने मान वाकडी करून बघितले आणि वाळवी उचलली.

यात जादू काही नाही. चिमणीच्या पिलाला चोचीत घास द्यावा लागतो, लाव्याच्या पिलाला लागत नाही. ते अंड्यातून निघाले की काही तासांत पळते, स्वतः टिपते. त्याला फक्त स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही आणि काय टिपायचे ते आईकडून शिकावे लागते. पहिल्या आठवड्यात त्याची वाढ किड्यांवर होते, कारण अंगावर पिसे यायला प्रथिने लागतात. पोल्ट्रीशास्त्र हेच सांगते. मायने ते कोणत्या विद्यापीठात शिकले नाही. तितराचे पिल्लू हातावर वाढवायचे आणि त्याच्या आवाजाने रानातले तितर बोलवायचे, हे तिच्या माणसांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. फासे लावणारे म्हणून फासेपारधी. पक्ष्याचे अंडे, पाऊल, आवाज, विष्ठा यांवर ज्यांचे पोट होते, त्यांना पक्षी कळणारच.

तिसऱ्या दिवशी पिल्लू जिवंत, टुणटुणीत सुपूर्द केले. फोटो निघाला. पक्षिमित्रांच्या ग्रुपवर आमचे कौतुक झाले. मायचे नाव घालू का, असे आम्ही आधीच विचारले होते. तिने हात जोडले. "नाव नका घेऊ, भाऊ. उद्या कुठे काही झाले की पहिले आमच्याच पालावर येतील."

ही भीती भ्रम नाही. तिला तारखा आहेत. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू झाला. माणूस जन्मला की गुन्हेगार, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. विमुक्त हा शब्द तेव्हाचा. पण मागच्या दाराने सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ साली. कागदावरचा शिक्का पुसला, ठाण्यातल्या डोक्यातला राहिला. तो किती राहिला, हे ३ ऑक्टोबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून कळते. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जातीवर कामे वाटलेली होती आणि विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार धरलेले होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. संविधान लागू होऊन पंचाहत्तर वर्षे होत आली, तेव्हा!

आणि शिक्का फक्त पोलिसांच्या डोक्यात आहे का? १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली, अशी अफवा होती. भटका दिसला की चोर, हे समीकरण त्या जमावाला कोणी वेगळे शिकवायला लागले नव्हते. मायने पिलाला हात लावला नाही, त्यामागे हे सगळे आहे.

आता दुसरा लावा बघा. हायवेवरच्या हॉटेलात 'बटेर' म्हणून ताटात येतो तो जपानी लावा. १९७४ साली बरेलीजवळच्या इज्जतनगरला तो आणला गेला आणि पुढे देशभर पसरला. सतरा-अठरा दिवसांत पिल्लू निघते, सहा-सात आठवड्यांत मादी अंडी देऊ लागते. ऊब, किडे, खडे घातलेले पाणी, न घसरणारी जमीन: म्हणजे मायला तोंडपाठ असलेली विद्या. पण शेड घालायला जागा लागते, कर्जाला सातबारा लागतो, जातीचा दाखला लागतो. तो दाखला तरी सरळ मिळतो का? फासेपारधी अनुसूचित जमातीत, पालपारधी आणि राजपारधी विमुक्त जातींत. पाल हलत राहिलेल्या माणसाने पूर्वजांच्या वास्तव्याचा पुरावा कुठून आणायचा? तेव्हा विद्या पारध्याची आणि उद्योजक दुसराच. उद्या एखाद्या पारध्याच्या पोराने जपानी लाव्यांचा पिंजरा सायकलला बांधून बाजारात नेला, तर त्याला आधी खरेदीचे बिल विचारले जाईल. ज्याच्या शेडमधून तो माल निघाला, त्याला कोण विचारते?

चाळीसगावचा टांगा आपल्याला पाठ आहे. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीच्या चौकशीसाठी धुळ्याकडे आले होते. परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला टांग्यात बसवायला टांगेवाले तयार झाले नाहीत. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्याच एका माणसाने लगाम हातात घेतला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. बॅरिस्टरपेक्षा टांगेवाला स्वतःला वरचा समजत होता, हा त्यातला धडा आपण नेहमी सांगतो. दुसराही धडा आहे. ज्याला कसब होते, त्याचा हात जातीने मागे खेचला. ज्याने हात पुढे केला, त्याला जातीने ते कसब शिकू दिले नव्हते. मायच्या बाबतीत तिसरा प्रकार आहे. कसब तिच्याकडे आहे, हातही पुढे करायची इच्छा आहे, पण कायद्याच्या आणि समाजाच्या नजरेने तो हात बांधला आहे.

त्याच समितीचे अध्यक्ष होते स्टार्टे, गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभार पाहिलेले अधिकारी. म्हणजे अस्पृश्य, आदिवासी आणि 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींचे प्रश्न शेजारी शेजारी आहेत, हे शंभर वर्षांपूर्वी सरकारी दप्तरालाही दिसत होते. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनीही सवर्ण समाजाला जाब विचारला आहे की, तुमच्या थोर संस्कृतीच्या शेजारी लाखो माणसे रानात आणि गुन्ह्याच्या शिक्क्याखाली कशी राहिली? मग आपल्याला ते शेजारी का दिसत नाहीत?

काही मित्र विचारतील, मग शिकारीला मोकळीक द्यायची का? नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा रानातला लावा पकडायला, बाळगायला मनाई करतो, आणि ती मनाई हवीच. माळराने गेली, बांध गेले, तणनाशके आली. उरलेला लावा टिकला पाहिजे. फासा परत द्या, अशी मागणी आंबेडकरी माणूस करणार नाही. जातीने लादलेला धंदा सोडा, हेच बाबासाहेबांनी सांगितले. पण धंदा बंद करताना माणसाला उघड्यावर टाकायचे आणि त्याचे ज्ञान चोरांचे म्हणून हिणवायचे, याला संरक्षण म्हणत नाहीत. उलट बाजूचे लोकही आहेत. ते महोत्सवात पारध्याला स्टेजवर उभे करतात, पक्ष्यांचे आवाज काढायला लावतात, शाल देतात आणि 'पारंपरिक ज्ञान' म्हणून टाळ्या वाजवतात. शालीवर पोट भरत नाही. आम्हाला शाल नको, नेमणूकपत्र हवे.

हे होऊ शकते. अकोला-वाशीमकडे 'संवेदना' संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोर आणि माळरानातल्या पक्ष्यांच्या रक्षणाचे काम करते. खान्देशात का होऊ नये? आमच्या मागण्या साध्या आहेत. जखमी व अनाथ वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रांत पारधी तरुण-तरुणींना पगारी कामावर घ्या. माळरानातल्या पक्ष्यांच्या गणनेत त्यांना मजुरी आणि नाव, दोन्ही द्या. जातीच्या दाखल्यासाठी पालावर शिबिरे घ्या. वनविभागाला पिल्लू आणून देणाऱ्याला पोच द्या, मग तो कोणीही असो. त्या कागदावर त्याची उद्याची सुटका अवलंबून असते.

आणि आपण काय करायचे? शेतात लाव्याचे पिल्लू दिसले आणि ते धडधाकट असेल तर उचलू नका. आई जवळच असते, लांब उभे राहा, ती साद घालून गोळा करते. आई मेली असेल तरच उचला, ऊब द्या आणि लगेच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पालावरच्या माणसाने पिल्लू आणले तर त्याच्याबरोबर आपण जा, नोंद होईपर्यंत तिथे बसा. आपल्यातल्या वकिलांनी हे काम अंगावर घ्यावे.

दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. १९३७ साली बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले, तेव्हा तिथे मुक्कामाला होते. आपण वंदन करतो, भाषणे ऐकतो, परततो. पुढच्या वर्षी तिथे दाखल्यांच्या अर्जांचे एक टेबल लावू या आणि विमुक्त-भटक्यांच्या वस्त्यांतून माणसे सन्मानाने बोलावू या. भाषणांची यादी थोडी आखडली तरी चालेल.

जयभीम! जय संविधान!