गाडी मिस्त्रीला विचारून घ्यावी

मागच्या रमजानमध्ये रोजा सोडायला थोडा वेळ असताना भाच्याचा फोन आला. तो पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या कुमासी शहरात बोअरवेलच्या कामावर आहे. म्हणाला, "मामू, आता स्वतःचं काम सुरू करतो. पिकअप घ्यायची आहे. राजुऱ्यातून एखादी जुनी, स्वस्त गाडी पाठवता येईल का?"

मी विचारलं, "स्टिअरिंग कुठल्या बाजूला असतं तिथे?" तो गप्प झाला. घानात ४ ऑगस्ट १९७४ पासून गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून स्टिअरिंग डावीकडे लागतं. आपली गाडी तिथे चालणार नाही.

"रस्ते कसे आहेत?"

"लाल मातीचे. उन्हाळ्यात धूळ, पावसात चिखल. मधेमधे पत्र्यासारख्या लाटा."

म्हणजे आपला माणिकगडचा पहाडच. त्या पहाडावर, जिवतीच्या बाजाराला माल नेण्यात माझी तीस वर्षं गेली. पाटे जाड हवेत, गाडी जमिनीपासून उंच हवी, हे मी त्याला सांगितलं. पण खरी गोष्ट सांगायची बाकी होती.

२०११ साली मी हौसेने नव्या धाटणीच्या इंजिनाची गाडी घेतली. पावसाळ्यात ती घाटावर बंद पडली. आमच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि परत लावलं. "भाई, याला पाना चालत नाही, कॉम्प्युटर लागतो." पार्ट नागपूरहून यायचा होता. तेवढ्यात वर्धा नदीला पूर आला, राजुरा-बल्लारपूर पुलावर पाणी चढलं. गाडी अकरा दिवस जागची हलली नाही.

त्याच दिवसांत एका कोलाम गुड्यातली अडलेली बाई लोकांनी बाजेवर घालून सडकेपर्यंत आणली. अडीअडचणीला माझी गाडी मिळते, हे त्यांना ठाऊक होतं. गाडी डोळ्यांसमोर उभी होती, पण चालू होत नव्हती. शेवटी बैलबंडीने नेलं. बाई वाचली, मूल गेलं. मला कोणीही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

भाच्याला मी एवढंच म्हणालो, "बेटा, कंपनीचा कागद वाचू नकोस. तिथल्या मिस्त्रीला विचार, तू कोणती गाडी डोळे मिटून उघडतोस?"

कुमासीत सुआमे मॅगझिन नावाची मेकॅनिकांची मोठी वस्ती आहे. हजारो कारागीर तिथे गाड्या खोलतात, जोडतात. भाचा दोन दिवस तिथे फिरला. ईदच्या दिवशी त्याचा फोन आला. "मामू, सगळे टोयोटाची हायलक्स म्हणतात. जुनीसुद्धा महाग आहे, पण पार्ट गल्लीत मिळतो."

"मग तीच घे," मी म्हटलं. "आणि गाडी आली की पहिल्यांदा आजूबाजूच्या खेड्यांत तुझा नंबर देऊन ये."