शेवटच्या रांगेतला माणूस

'शिकागो रेडिओ'चे नानिक मोटवाने 1970 साली गेले. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण आवाजाच्या धंद्यात ज्यांना मी गुरुस्थानी मानतो ती माणसं दोनच: एक आमचे काका आणि दुसरे मोटवाने.

काकांचं रायपूरच्या तात्यापाऱ्यात माईक आणि भोंगे भाड्याने द्यायचं छोटं दुकान होतं. तिथला सगळ्यात जुना अँप्लिफायर शिकागो रेडिओचा. राखाडी पत्र्याची पेटी, पुढे बेकलाइटची काळी बटणं आणि कोपऱ्यात पितळी पट्टीवर कंपनीचं नाव. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागायचं आणि तोवर काका कुणाला माईकला हात लावू द्यायचे नाहीत. काचेच्या आत तांबूस उजेड स्थिरावला की माईकसमोर उभं राहून ते सावकाश आकडे म्हणायचे. तीस, वीस, सात, साठ. मी पाटी घेऊन मैदानाच्या पार टोकाला उभा असायचो. ऐकू येईल तो आकडा लिहायचा आणि पळत आणून दाखवायचा. तीसचं वीस झालेलं दिसलं की काका शिडी लावून भोंग्याचं तोंड फिरवायचे, नाहीतर भोंगा दोन हात खाली घ्यायचे. आवाज वाढवायचं बटण ते सगळ्यात शेवटी फिरवत.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत बेल लॅबोरेटरीत हार्वी फ्लेचर आणि त्यांचे सहकारी टेलिफोनसाठी जवळजवळ हीच परीक्षा घेत असत. निरर्थक अक्षरं बोलायची आणि ऐकणाऱ्याने त्यातली किती बरोबर लिहिली ते मोजायचं. काकांना फ्लेचर माहीत नव्हते. त्यांना मोटवाने माहीत होते. "अरे, नेहरूंच्या फोटोत बघ, माईकवर काय लिहिलंय," असं म्हणून ते वर्तमानपत्रातली जुनी कात्रणं काढायचे. खरोखरच पट्टीवर 'शिकागो' असायचं.

मला कितीतरी वर्षं ती कंपनी अमेरिकन वाटत होती. ती निघाली सिंधमधल्या सक्करला, 1909 साली. नानिक यांचे वडील ग्यानचंद मोटवाने यांनी विजेच्या सामानाचा व्यापार सुरू केला, मग बिऱ्हाड कराचीला आणि तिथून मुंबईला हललं. नाव शिकागोचं, डोकं आणि हात इथले. काँग्रेसच्या सभांना माणसं लोटत होती आणि गांधीजींचा मुळातला बारीक आवाज पहिल्या काही रांगांच्या पलीकडे जात नव्हता. बाकीचे नुसतं दर्शन घेऊन परतायचे. नानिक मोटवाने यांनी हे पाहिलं आणि हेच आपलं काम मानलं. 1931 च्या कराची अधिवेशनात त्यांचे लाऊडस्पीकर लागले. त्यानंतर जिथे सभा तिथे त्यांची माणसं, तारांची भेंडोळी, भोंगे आणि बॅटऱ्या. बरीच वर्षं हे काम त्यांनी पैसे न घेता केलं.

ज्याने उघड्या मैदानावर कधी तार ओढली नाही, त्याला यातली मेहनत कळायची नाही. गावात वीज नाही, म्हणजे पुरवठा आपणच न्यायचा. शिवाय साध्या जोडणीत शंभर वॅट आठ ओहमच्या स्पीकरला द्यायचे तर तारेतून साडेतीन अँपिअर वाहतात. तार लांब असली की बरीचशी शक्ती तारेतच तापून जाते. म्हणून आम्ही शंभर व्होल्टची लाइन टाकतो. तेच शंभर वॅट एका अँपिअरवर जातात आणि तारेतली गळती बाराव्या हिश्शापेक्षाही कमी होते. प्रत्येक भोंग्यापाशी लहानसा ट्रान्सफॉर्मर बसवला की झालं.

भोंग्याला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. तो किरकिरतो, त्यात खर्ज नाही. खर्ज नाही हे खरं. साधारण तीनशे-चारशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ मुका असतो. पण माणसाच्या बोलण्यातलं बळ स्वरांत असतं आणि अर्थ व्यंजनांत. स, त, श, क ही दुबळी व्यंजनं बरीचशी दोन हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असतात, आणि भोंगा जोरकस असतो तो तिथेच. एका वॅटमध्ये कागदी कोनाच्या स्पीकरपेक्षा कितीतरी पट आवाज तो बाहेर काढतो. म्हणून तर बॅटरीवरच्या एवढ्याशा पेटीवर गावची सभा निभायची. त्या काळच्या साधनांत शब्द लांबवर न्यायला याहून नेमकी वस्तू नव्हती, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं मला खऱ्या अर्थाने समजलं ते राजिमला. रायपूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम आहे. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत तिथे मेळा भरतो, आणि नदीच्या कोरड्या वाळूत अर्धा छत्तीसगड उतरतो. हरवलेल्या माणसांच्या पुकाऱ्याचं काम काकांकडे असायचं. भोंगे बांबूंवर बांधायचे, पण एकमेकांच्या तोंडासमोर कधीच नाहीत. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. जवळच्या भोंग्यापेक्षा दुसरा चौतीस मीटर लांब असला, की त्याचा शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो आणि पहिल्या शब्दाच्या शेपटीवर पाय देतो. दोन्ही भोंगे चांगले वाजतात आणि तरी काहीच कळत नाही. काका सगळे भोंगे एकाच दिशेने, थोडे खाली झुकवून, कमी आवाजावर लावत आणि संख्या वाढवत.

एका संध्याकाळी पुकाऱ्याच्या मंडपात एक चारेक वर्षांची पोर आणून बसवली होती. तिला स्वतःचं नाव सांगता येत होतं, गावाचं नाही. नदीच्या दमट हवेने कुलेश्वर महादेवाच्या बाजूच्या भोंग्याचं युनिट बसलं होतं, नुसता फर्रफर्र आवाज येत होता. काकांनी मला बांबूवर चढवलं. मागचं झाकण आट्यांवरून फिरवून काढलं, तर आतल्या पडद्याला केसासारखी चीर. खिशातला नवा पडदा बसवला, त्याची बारीक तार डाग देऊन जोडली. खाली माईकवरचा माणूस पोरीचं नाव घेऊन एकसारखं सांगत होता, "तोर नोनी इहाँ बइठे हे, जल्दी आ जा." तुझी मुलगी इथे बसली आहे, लवकर ये. त्या बाजूचा भोंगा बोलायला लागल्यावर थोड्याच वेळात एक बाई वाळू तुडवत धावत आली. तिने सांगितलं, मघापासून काहीतरी ओरडताहेत एवढंच कळत होतं, नाव आत्ता ऐकू आलं.

काकांनी तिला पाणी दिलं आणि मला दुसऱ्या भोंग्याकडे पाठवलं.

मोटवाने यांच्या आयुष्यातला एक प्रसंग मला फार मोठा वाटतो. 1942 च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले. 27 ऑगस्टला मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याला साधनं आणि तंत्रज्ञ पुरवण्यात शिकागो रेडिओच्या मोटवाने यांचा हात होता. 12 नोव्हेंबरला धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची सजा झाली. नानिक मोटवाने यांच्यावरही खटला चालला, ते त्यातून सुटले. चाललेला धंदा, सरकारी परवाने, कारखाना, सगळं पणाला लावून या माणसाने आवाजाला वाट करून दिली. आमच्या व्यवसायाचे पूर्वज असे होते, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला सांगतो. आमच्या टेबलावर नाशिकच्या मोटवाने कंपनीचा मल्टिमीटर असतो. पोरं तो रोज हाताळतात, त्यामागचा माणूस त्यांना ठाऊक असायलाच हवा.

आज रायपुरात विसर्जनाच्या मिरवणुकीत गाडीवर डबे रचून डीजे निघतो, तेव्हा घरातल्या काचा थरथरतात. निवासी भागाला दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, असा नियम 2000 सालापासून आहे. उच्च न्यायालयाने या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली आहे. मी याच धंद्यातला आहे, डबे मीही विकतो. तरीही म्हणतो की या रचनेत ऐकणाऱ्याचा विचारच उरलेला नाही. खालचे सूर इतके फुगवलेले असतात की वरची व्यंजनं त्यांच्याखाली गाडली जातात. गर्दीत कुणी पडलं, रुग्णवाहिकेला वाट द्या असं कुणी माईकवरून सांगितलं, तर ते कुणाला कळायचं नाही. मोटवाने यांनी कमी वॅटमध्ये जे साधलं ते हजारो वॅट खर्चून आपण घालवतो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात व्याख्यान असलं की मी भिंतीलगत लहान कॉलम स्पीकर लावतो, ऐकणाऱ्यांच्या कानाच्या उंचीला, आणि खर्ज कापतो. मागे बसणाऱ्या वृद्धांना कानयंत्र नीट करत बसावं लागत नाही. मोठ्या मैदानाच्या कामांत मात्र मला झगडावं लागतं. यंदा एका मेळ्याच्या आयोजकांना मी लेखी दिलं आहे की पुकाऱ्याची लाइन गाण्यांच्या यंत्रणेपासून वेगळी हवी, तिला स्वतःची बॅटरी हवी आणि पुकारा सुरू झाला की गाणी आपोआप खाली यायला हवीत. बॅटरी त्यांनी मान्य केली आहे. उरलेल्या दोन गोष्टींसाठी मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.