पर्वतीच्या पायऱ्या

माणसाचे ज्यांच्यावर प्रेम असते, त्यांनाच तो सर्वांत अधिक उपदेश करतो. आणि बहुधा त्याच उपदेशाचा परिणाम सर्वांत कमी होतो. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याजवळ राहणाऱ्या एका कुटुंबाला याचा चांगलाच अनुभव आला.

घरातील आजोबा नोकरीतून निवृत्त झाले आणि खिडकीजवळची आरामखुर्ची हेच त्यांचे जग झाले. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप, संध्याकाळी टीव्ही, असा त्यांचा दिनक्रम ठरून गेला. एके दिवशी रक्त तपासले, तेव्हा मधुमेह जडल्याचे कळले. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मी देतो, पण चालायला तुम्हांलाच हवे. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात. आठवड्याला निदान १५० मिनिटे तरी चाला. मात्र सुरुवात बेताने करा आणि पायांना जपा."

त्या दिवसापासून घरात उपदेशाचा पाऊस सुरू झाला. "बाबा, आज फिरायला जाच," असे मुलगा रोज बजावू लागला. सूनबाईंनी साखरेचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवला. आजोबा अधिकच हट्टाला पेटले. ते शेजारी जात आणि दोन चमचे साखर घातलेला चहा पिऊन येत. मुलाचे सांगणे त्यांना टोचे, त्याला कारणही होते. कोपऱ्यावरून दूध आणायचे झाले, तरी चिरंजीव स्कूटर काढीत! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बारा वर्षांची नात हे सारे पाहत होती. एका संध्याकाळी तिने सरळच विचारले, "आजोबा, तुम्हांला चालायचा कंटाळा येतो का हो?"

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "कंटाळा नाही गं बाळ. माझ्या थोरल्या भावाला हाच आजार होता. शेवटी त्याचा पाय कापावा लागला. या आजाराचे नाव निघाले की मला तोच दिसतो. म्हणून हा विषयच नकोसा वाटतो."

सर्वांनी ज्याला हट्ट मानले होते, ती भीती होती. भीती उपदेशाने जात नाही. तिला सोबत लागते.

दुसऱ्या दिवशी नात बूट घालून समोर उभी राहिली. "आजोबा, पर्वतीला पायऱ्या किती हो?"

"एकशे तीन," आजोबा खुर्चीतूनच म्हणाले. "लहानपणी रोज चढायचो."

"मग मला मोजून दाखवा ना!"

पहिले काही दिवस दोघांनी सारसबागेत सपाटीवरच फेऱ्या घातल्या. मग पायऱ्यांना हात घातला. पहिल्या दिवशी वीस पायऱ्या झाल्या आणि आजोबा थांबले. नातही शेजारी बसली. "वरचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी उभारले," आजोबा सांगू लागले. "वरून सारे शहर दिसते. आकाश स्वच्छ असले, तर सिंहगडही." दररोज थोड्या पायऱ्या वाढत आणि त्यांबरोबर एखादी नवी गोष्टही.

एकदा त्यांनी औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींची (१८६८-१९५१) हकीकत सांगितली. या राजाने सूर्यनमस्कारांच्या प्रसाराचा ध्यास घेतला होता. संस्थानच्या शाळांतून मुलांना नमस्कार शिकवले जात. परंतु आज्ञा करण्याचा अधिकार हाती असूनही राजे स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालीत आणि त्यांचे कुटुंबीयही घालीत. "स्वतः घाम गाळणाऱ्याचे लोक ऐकतात," आजोबा म्हणाले आणि हसून पुढे म्हणाले, "हे तुझ्या बाबांना सांगायला हवे!"

पावसाळा आला. सलग चार दिवस घराबाहेर पडता आले नाही. "मोडला नेम!" असे म्हणत आजोबा पुन्हा आरामखुर्चीकडे वळले. नात रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "चारच दिवस मोडला, आजोबा. आज पाचवा आहे." त्या संध्याकाळी दोघांनी घराच्या ओसरीतच शंभर येरझाऱ्या घातल्या.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले. साखर आटोक्यात आली होती. आजार गेला नव्हता, गोळ्याही थांबल्या नव्हत्या. परंतु त्याचे नाव काढताच आजोबा आता मान फिरवीत नसत. संध्याकाळी घरी येताच ते स्वतःच्या पायांचे तळवे निरखून पाहत. शेजारचा चहाही आता बिनसाखरेचा झाला होता.

एका रविवारी पहाटे दोघे निघाली, तो दारात मुलगा बूट बांधून उभा! "मीही येतो," तो जरा ओशाळून म्हणाला. चाळिसाव्या पायरीवरच त्याला धाप लागली. उपदेश करण्याची याहून चांगली संधी आजोबांना मिळाली नसती. पण ते काहीच बोलले नाहीत. थोडे बाजूला सरकून त्यांनी पायरीवर जागा केली आणि म्हणाले, "बैस जरा. घाई नाही."