थंडीचे दिवस आणि एकरभर ज्वारी

थंडी आली हे तुमच्या घरी कशावरून ओळखतात? आमच्या घरी खोबरेल तेलाची बाटली सांगते. एखाद्या सकाळी देवळीतली बाटली उपडी केली तरी तेल हलत नाही, पांढरं घट्ट होऊन बसतं. मग ती चुलीच्या वाईलावर ठेवायची, आणि ठेवली आहे हे ध्यानात ठेवायचं. तेल गोठलं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाकळीचं गाठोडं काढायला सांगतात.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औशाच्या बाजूला. काळी जमीन, विहिरीला पाणी बेताचं. या दिवसांत घराचं सगळं कामकाज उन्हाच्या मागं फिरतं. सकाळी ऊन ओसरीच्या पायरीवर येतं, तेव्हा निवडणं-टिपणं पायरीवर. दुपारी ते अंगणात जातं, तेव्हा आम्हीही सूप-चाळणी घेऊन अंगणात. तुम्ही एक गोष्ट पाहिली आहे का? बावीस डिसेंबरच्या सुमारास दिवस सगळ्यांत लहान, असं पोरं शाळेत शिकतात आणि ते खरंच आहे. पण सकाळ काही त्यानंतर लगेच लवकर उजाडत नाही. आपल्याकडे संक्रांतीपर्यंत सूर्य उशिरा उशिराच उगवत जातो. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूनं. म्हणून धारा काढायला उठणाऱ्या बाईला संक्रांत आली तरी पहाट काळीकुट्टच वाटते. ती आळशी नसते बरं का!

आत्याबाईंचं वय ऐंशीच्या पुढं. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून त्या उन्हात वाकळ शिवतात. हात अजून चालतो, पण सुईत दोरा ओवणं जमत नाही. मग नात शाळेत जाण्याआधी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. शाळा सुटेपर्यंत दहाच्या दहा संपलेल्या असतात. वाकळीत कोणतं लुगडं कोणाचं, हे त्यांना पाठ आहे. बोट ठेवून सांगतात, हे माझ्या सासूचं, हे तुझ्या लग्नात आलेलं. आमच्या घरची वंशावळ कागदावर नाही, ती अशी अंगावर घेऊन आम्ही झोपतो.

संध्याकाळी चुलीपुढं बाजरीची तीळ लावलेली भाकर आणि वांग्याचं भरीत. बाजरी थंडीपुरती. एरवी घर चालतं ज्वारीवर. आणि यंदा आमच्या घरात बोलणं चाललं आहे ते याच ज्वारीचं.

गोष्ट अशी. पूर्वी आमची तीन एकर ज्वारी असायची. आता राहिली एक एकर, मालदांडी. ती या घटकेला पोटरीतून बाहेर पडून दाणे भरते आहे. थोरला म्हणतो, “आई, ही शेवटची. पुढच्या साली इथं सोयाबीन, आणि त्यावर हरभरा.” त्याचं म्हणणं काही वावगं नाही. ज्वारीसाठी रान पावसाळाभर मोकळं ठेवावं लागतं, म्हणजे एक पीक बुडालं. सोयाबीन-हरभऱ्याला मळणीयंत्र, हार्वेस्टर येतं. ज्वारी मात्र मुळासकट हातानं उपटायची. तळहाताला फोड येतात, कंबर धरते, आणि माणूस मिळत नाही. मिळालं तर मजुरी परवडत नाही. ज्याला रान सांभाळायचं आहे त्याचा हिशेब आपण बायकांनी उडवून लावू नये.

पण चुलीपुढं बसलं की माझं मन मागं मागं जातं.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा-अकरा वर्षांची होते. त्या थंडीत खळंच झालं नाही. रानात चिपाडसुद्धा नव्हतं. आईबाप खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो. मिलो म्हणजे ज्वारीच, पण तिची भाकर थापताना कडा फाटायच्या आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. आई ती आम्हाला वाढायची आणि स्वतः चुलीकडं तोंड करून बसायची. पुढच्या वर्षी पाऊस झाला, आणि पांढरीशुभ्र भाकर पुन्हा ताटात आली, तेव्हा बापानं पहिला तुकडा कपाळाला लावला. मला तो तुकडा अजून दिसतो.

दुसरी आठवण १९९३ ची. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या आधी जमीन हलली. किल्लारीच्या बाजूची गावंच्या गावं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. आमचं घर उभं राहिलं, पण भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली. माळवदाखाली झोपायची कुणाची छाती नव्हती. पत्रे मिळेपर्यंत आम्ही खळ्यात कडब्याची कोप केली. खाली कडबा, बाजूला कडबा, वर कडबा. पोरं लहान, थंडी सुरू झालेली. कडब्याला एक ऊब असते, ती ज्यानं अंगावर घेतली त्यालाच कळेल. आत्याबाई तेव्हा म्हणायच्या, हा पडला तरी कुणाला मारणार नाही.

हे सांगून मी थोरल्याला अडवत नाही. आठवणीनं कणगी भरत नाही, हे मलाही कळतं. म्हणून सुनेनं वही काढली आणि सरळ हिशेब मांडला. सात माणसांच्या घराला रोज दोन किलो पीठ, म्हणजे वर्षाला सव्वासात क्विंटलच्या आसपास ज्वारी. आमच्या एकरात साधतात चार-पाच क्विंटल. म्हणजे एकर पेरूनही थोडी विकत घ्यावीच लागते. पण दुसऱ्या बाजूला तिनं कडबा लिहिला. दोन गाई आणि बैलजोडी उन्हाळा काढतात ती त्याच्यावर. कडबा विकत घ्यायचा तर जनावरं ठेवणं जड. जनावरं गेली तर दूध गेलं, शेणखत गेलं, गोवऱ्याही गेल्या. सून म्हणाली, “दाण्याचा हिशेब बरोबरीत सुटतो, पण कडब्याचा सुटत नाही.” थोरल्यानं वही दोनदा वाचली आणि काही न बोलता रात्रीचं पाणी द्यायला मोटारीवर गेला. वीज रात्रीची असली की असंच. डोक्याला मफलर, हातात बॅटरी, पायात गमबूट. तो परत येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. तुमच्याही घरी कुणी असंच जात असेल.

मग वेळ अमावस्या आली. आमच्या लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या या अमावस्येला गाव रिकामं होतं, सगळे रानात. कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. आत्याबाईंना बैलगाडीत बसवून नेलं. त्यांनी कोपीचा कडबा चाचपला आणि नातवाला विचारलं, “पुढच्या साली कोप कशाची करशील रे, सोयाबीनच्या भुसाची?” सगळे हसले. थोरलाही हसला, पण त्याचा घास हातातच राहिला.

शेजारच्या रानातली मंडळी आंबील प्यायला आली होती. त्यांच्याही घरी हेच बोलणं. तेव्हा माझे मालक म्हणाले, आपण पूर्वी सावड करत होतो, ती का सोडली? आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या. मजुरी नाही, फक्त भाकर ज्याच्या त्याच्या घरची. चार घरांची एकेक एकर ज्वारी जवळजवळ लागली, तर आठ-दहा माणसांनी पहाटे गारव्यात सुरुवात केली की उपटून होईल. थोरला म्हणाला, “चार घरं झाली तर पुढच्या सालीही पेरतो. एकराला चार किलो तर बियाणं लागतं.” तीन घरांनी तिथंच हो म्हटलं. चौथं घर विचार करून सांगणार आहे. त्यांचा मुलगा पुण्याहून हुरड्याला येणार आहे, त्याच्याशी बोलून ठरवतील.

तेव्हा आमचं अजून ठरलेलं नाही. चौथ्या घराचा होकार आला नाही तर पुढच्या साली तिथं सोयाबीन असेल, आणि मी काही रागावणार नाही.

२०२३ हे साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. शहरात आता ज्वारीचे गोडवे गातात, चांगलंच आहे. पण ती उपटायला माणूस लागतो, आणि तो आपल्याच गल्लीत शोधावा लागणार. तुमच्याकडे सावड म्हणत असतील, कुठं इर्जिक म्हणत असतील. नाव काहीही असो, यंदा हुरड्याच्या आगटीभोवती बसाल तेव्हा हा विषय जरूर काढा. हात शेकत असतात तेव्हा माणसं नरम असतात.

आणि एवढं ध्यानात ठेवा. थंडी कितीही असो, दारं-खिडक्या लावून खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपू नका. निखाऱ्याच्या विषारी वायूला ना रंग असतो, ना वास. झोपेतच घात होतो. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना वाकळ जास्तीची द्या, शेगडी नको.

भोगीची भाजी सगळ्या रानमेव्यानं भरू दे. तुमच्या घरच्यांना आमचा तिळगूळ सांगा.